बांधावरच्या मोहाची

आमच्या बाबूजींचं नाक दिसायला काही खास नव्हतं. बसकं, खाली रुंद. "देवानं उरल्या मातीचं चिकटवलं," असं माय म्हणायची. पण त्याच नाकावर आमचं घर चाललं, त्याच नाकानं आम्हाला भिलाईच्या सेक्टरातलं पक्कं क्वार्टर मिळवून दिलं, आणि एका वर्षी त्याच नाकापायी सगळं मातीत जायची वेळ आली. ते वर्ष लिहून ठेवावं असं कधीपासून मनात आहे. धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता, त्याला काय आठवणार! माय-बाबूजी गेले. आता मी इथंच हुडको कॉलनीत लेकाकडे राहते, आणि नातवंडांना काही सांगायला बसले की ती म्हणतात, "दादी, हिंदी में बोलो ना." घ्या! हिंदीत भाजी घेता येते, दुधवाल्याशी भांडता येतं, पण बाबूजींची गोष्ट हिंदीत सांगायला माझी जीभ वळत नाही. म्हणून हा कागद.

आम्ही जातीनं कलार, भंडाऱ्याकडचे. पणज्याची मोहाच्या दारूची भट्टी होती. पुढे सरकारनं ठेके दिले, ठेकेदार आले, भट्टी विझली, आणि आजोबांनी गळ्यात माळ घालून धानाची शेती धरली. घरात दारूचा थेंब नाही. "काम गेलं, नाक राह्यलं," असं बाबूजी म्हणायचे. लहानपणी गावातली पोरं त्यांना घेरायची. "ए कलाराच्या पोट्ट्या, हुंगून सांग, कोणाच्या घरी काय शिजून राह्यलं?" बाबूजी सांगायचे. बरोबर निघायचं. मग ती पोरं आणखीच हसायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना दुसरीकडे बघत होते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

कारखाना उभा राहत होता तेव्हा ते भिलाईला आले. आधी माती उचलली, मग विटा, मग लोखंडी नळ्या वाहणाऱ्या टोळीत लागले. एके दिवशी एका खड्ड्याशी उभे असताना ते म्हणाले, इथं काही तरी सडलेल्या अंड्यासारखं येऊन राह्यलं. बाकीच्यांना काहीच वास नव्हता. साहेबानं यंत्र आणवलं, तर खरंच, गॅस झिरपत होता. त्या दिवसापासून बाबूजी गॅसच्या गँगमध्ये गेले. गॅसच्या मोठमोठ्या नळ्यांवर जागोजागी व्हॉल्व्हचे खड्डे असायचे. खड्ड्यात उतरायच्या आधी बाबूजी पुढे जाऊन हुंगायचे. त्यांचा हात वर गेला की गँग जागेवर थांबायची. हात खाली आला की उतरायची. यंत्र होतंच, पण यंत्र मागून यायचं, बाबूजी पुढे असायचे. रशियन साहेबसुद्धा त्यांना नावानं हाक मारायचा. डोमाजीचं "दोमाजी" करायचा, आणि स्वतःच्या नाकाला बोट लावून हसायचा. बाबूजी ते आम्हाला करून दाखवायचे, आणि त्यांचं ते बसकं नाक तेव्हा सरळ झाल्यासारखं वाटायचं.

आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात तारेची दोरी आणि मायनं लावलेला शेवगा. सेक्टर नवे होते, झाडं कुठे नव्हती, सगळी लाल माती. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी गुलाबी होऊन घरात यायचं. शिफ्टचा भोंगा वाजला की माय चुलीवर तवा ठेवायची, आणि थोड्या वेळानं गल्लीच्या वळणावरूनच आवाज यायचा, "गिरजे, अंबाडीत लसूण जास्त झाला वो!" शेजारणी हसायच्या. माय चिडायची, पण एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर दाराशी येऊन उभी राहायची. शेजारी अप्पाराव काका राहायचे, आंध्रकडचे, बाबूजींच्याच गँगमधले. खड्ड्यात बाबूजींच्या मागोमाग उतरणारा पहिला माणूस तोच. त्यांना एक मुलगी होती, नुकती चालायला लागलेली, आणि ती कायम आमच्या उंबऱ्यावर पडलेली असायची.

आता रविवारचं सांगते. बाबूजी पिणारे नव्हते, पण मोहाच्या दारूचा त्यांना छंद होता. छंद हाच शब्द. कोणाच्या घरची कशी, कोणत्या पाण्याची, कोणत्या झाडाच्या फुलाची, हे त्यांना कळून घ्यायचं असायचं. रविवारी सायकल काढून ते आजूबाजूच्या खेड्यांतून फिरायचे. दारू गाळणारी घरं तिथं लपून नव्हती, आणि आबकारीचा शिपाई येणार हेही गावाला आधी कळायचं. मायनं एकच अट घातली होती, "जायचं असन तं पोट्टीले घेऊन जा." मी बरोबर असले की ते एका घोटावर उठतील, हा तिचा हिशेब. मी तेव्हा मॅट्रिकच्या थोडी अलीकडे, दोन वेण्यांची, कॅरिअरवर एका बाजूला पाय टाकून बसणारी. आईबाप पोरीला कीर्तनाला नेतात, माझा बाप मला भट्ट्यांवर न्यायचा! शाळेत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

अहिवाऱ्याकडे दोघा भावांचं एक घर होतं. गाळायचं काम थोरल्याची बायको करायची, भाऊ नुसते लाकडं फोडायचे. तिकडे चुनखडीच्या खाणी, विहिरीचं पाणी जड. त्या पाण्यानं तिची दारू कोरडी व्हायची, घशाला खरखर लावून जायची, आणि वास उशिरा, मागून यायचा. बाबूजी म्हणायचे, "हिले घाई करू नोको. थांब. हां, आता आली पाह्य." मी दोन्याच्या, म्हणजे पानाच्या द्रोणाच्या, काठावर नाक धरून थांबायची आणि खरंच, जरा वेळानं ती यायची. वाटेत रामाधीनचं घर लागायचं. त्याचा बाप, तो आणि त्याचे लेक सगळे मिळून लोखंडी ड्रमात गाळायचे, गूळ घालायचे, कारखान्यातल्या मजुरांना विकायचे. तिथं बाबूजी दोना हातात घ्यायचे, गंजका वास यायच्या आतच नाक मुरडायचे आणि रामाधीनच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "अरे, फूल तो डाल इसमें!" तोही हसायचा. म्हणायचा, फूल महंगा है भैया, गुड सस्ता.

पण खरं घर समारिन दाईचं; दाई म्हणजे तिकडे आई. सेक्टरांच्या पलीकडे, बैलगाडीच्या वाटेनं, चालत गेलं तरी पोचावं इतकं जवळ. तिचा नवरा नव्हता. एक लेक होता, सून होती, आणि मोहाची स्वतःची झाडं होती, सासऱ्याकडून आलेली. एक तलावाच्या काठी, एक शेताच्या बांधावर, एक मसणाच्या अंगाला. दाई कोणत्याही झाडाचं फूल दुसऱ्यात मिसळू द्यायची नाही. वेगळं वेचायचं, वेगळं वाळवायचं, वेगळ्या मडक्यात भिजवायचं आणि वेगळं गाळायचं. तलावाकाठची हलकी, ओल्या मातीची. बांधावरची करपट, तिला गुळाच्या कढईचा आणि उन्हातल्या पेंढ्याचा वास. मसणाकडची सगळ्यांत गोड, ती दाई फक्त म्हाताऱ्यांना द्यायची. आज हे मला कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, चल, दारूच ती, वास कसला आणि गोडी कसली! पण मी स्वतः हुंगलेलं आहे. माझं नाकही कलाराचंच निघालं, हे मला त्या घरात कळलं. बाबूजींना त्याचा एवढा आनंद झाला होता की परतताना सायकलवर ते गात होते.

दाईच्या अंगणात एक रीत होती. पळसाच्या दोन्यात ती धार घालायची, पाहुण्यानं आधी दोन थेंब जमिनीवर टाकायचे, पूर्वजांचे, मग नाकाशी धरायचं, आणि मग दाई विचारायची, "बता गा डोमाजी, कोन रूख के आय?" कोणत्या झाडाची? बाबूजी डोळे मिटून सांगायचे. दाई "हव" म्हणायची. हो, बरोबर. एवढंच. पण ते "हव" ऐकायला बाबूजी आठवडाभर थांबायचे असं मला वाटायचं. गावात चेष्टा झालेलं नाक इथं झाडाचं नाव सांगत होतं, आणि एक म्हातारी त्याला मान देत होती.

त्या हिवाळ्यात बाबूजींना ताप आला. दवाखान्यात ठेवलं नाही, पण आठवडाभर अंथरुणाला खिळले होते, नाक वाहत होतं, डोकं दुखत होतं. बरे झाले, कामावर गेले. पुढे काय काय घडलं ते मला नंतर जुळवता आलं. तेव्हा एक एक गोष्ट सुटी वाटली. गल्लीच्या वळणावरून आवाज येईनासा झाला. माय म्हणाली, "अजी, आता ओरडत नाही तुमी?" ते म्हणाले, "लोकं हासतात." घरात आले की विचारायचे, "काय शिजून राह्यलं?" एकदा दुपारची आंबलेली डाळ मायनं चुकून वाढली, ती सगळी खाल्ली. एकदा मी आणि माय नळावर होतो, बाबूजी चुलीशेजारी विडी ओढत बसले होते. आम्ही घरात आलो तर दूध उतू जाऊन, करपून, खोली धुरानं भरत आली होती. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा ते उठले असावेत. हातात फडकं घेऊन नुसते उभे होते. माय बोंबलली, "कावून जी, झोपले होते का?" ते म्हणाले, "हाव, डोळा लागला." त्यांची विडी पेटलेली होती.

मग चैत्र आला. नव्या फुलांची पहिली धार. दाईच्या घरी अंगण सारवलेलं, भिंतीला नवी पांढरी माती दिलेली. भिंत ओली म्हणून तिची मडकी नेहमीच्या जागी नव्हती, छपराखाली दुसऱ्या बाजूला ओळीनं मांडली होती. दाईनं डावीकडच्या मडक्यातून दोना भरला. माझ्यापर्यंत वास आला, गूळ आणि पेंढा. बांधावरची. मी मनातच हसले, आज सोपं विचारलं म्हणून. बाबूजींनी थेंब टाकले, डोळे मिटले, वेळ घेतला.

"कोन रूख के आय?"

"तलावाकाठची," बाबूजी म्हणाले.

नेहमी डावीकडे तलावाकाठचं मडकं असायचं. मी दाईकडे पाहिलं. तिच्या तोंडावरची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"हव," दाई म्हणाली.

मला वाईट वाटलं. बाबूजी चुकले याचं नाही इतकं, दाई खोटं बोलली याचं. मी तिच्या मागे परसात गेले. ती राख उपसत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तोर बाप के नाक बुतागे हे, बेटी. जाड़ ले." विझलं, चूल विझते तसं. हिवाळ्यापासून. ती सांगत गेली: बाप तुझा मडक्याकडे बघतो, माझ्या हाताकडे बघतो, लेकाच्या तोंडाकडे बघतो, आणि सांगतो. मी म्हटलं, मग तू "हव" का म्हणतेस? ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी तिला अंगणातून उठून जा म्हटलं. "हमन पहुना के बात नइ काटन," ती म्हणाली. दारी आलेल्या पाहुण्याचं बोलणं आम्ही खोडत नाही. त्यात पूर्वजांचे थेंब पडलेले.

परतताना मी कॅरिअरवरून उतरले आणि रस्त्यात उभी राहिले. बाबूजींनी सायकल थांबवली. मी म्हटलं, "ते बांधावरची होती, बाबूजी."

त्यांनी आधी रागावून पाहिलं. मग सायकल बाभळीला टेकवली आणि खाली बसले. मला वाटलं मारतील. त्यांनी माझा हात धरला.

"तापात गेलं. मले वाटलं, येईन परत. नाई आलं."

"मग खड्ड्यात कसे जाता तुमी?"

"पायतो मी. खड्ड्यात किडे-मुंग्या हलत असले तं जातो. चिमण्या बसल्या असल्या तं जातो. अजूनपर्यंत काही झालं का?"

"अन् अप्पाराव काका? थे तुमच्या हाताकडे पाहून उतरतात!"

यावर ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही. "सुशे, साऱ्या जिंदगीत या नाकाले लोकं हासले. इथं पहिल्यांदा कोण्या साहेबानं याले मान देल्ला. आता मी जाऊन सांगू का, साहेब, नाक मेलं माह्यं? मायले सांगू नोको. कोणालेच नोको. माह्या गळ्याची शपथ आहे तुले." आणि माझा हात त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

मला बापाचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी आली नव्हती. आजच्या पोरी हसतील, पण आमच्यात गळ्याची शपथ म्हणजे शपथ. मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो. म्हणजे सांगितलं तर शपथ मारणार, नाही सांगितलं तर गॅस मारणार. मी काय करायचं होतं?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भोंगा वाजला की मी दारात. वर्गात बसले असताना लांब कुठे लोखंड पडल्याचा आवाज झाला तरी हातातलं पेन थांबायचं. सकाळी अप्पाराव काका बाबूजींना हाक मारायला यायचे, "चलो डोमाजी भाई, नाक लेके चलो!" असं रोजचं त्यांचं बोलणं. बाबूजीही हसायचे. काकांची मुलगी त्यांच्या पायाला लोंबकळायची, ते तिला सोडवून माझ्या कडेवर द्यायचे आणि निघून जायचे. तिचा शेंबूड पुसता पुसता मी त्या दोघांच्या पाठी बघत राहायची, बाबूजी पुढे, काका मागे. मायला वाटलं मला दृष्ट लागली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारपाजारी खोकू लागले. बाबूजी चुलीपासून हातभर अंतरावर जेवत होते. घसा त्यांचाही खवखवला, ठसका आला, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "काय जळून राह्यलं?" आणि लगेच माझ्याकडे पाहिलं.

त्याच दुपारी मला सुचलं. शपथ "सांगू नको"ची आहे. पण ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याशी बोलणं म्हणजे सांगणं होतं का? मी शाळेचं दप्तर तसंच खांद्याला ठेवून बैलगाडीच्या वाटेनं दाईच्या घरी गेले. ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. दाई बाजेवर पडली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं: खड्डे, हात वर, हात खाली, काका, काकांची पोर. तिला तोपर्यंत माहीतच नव्हतं की या नाकाच्या भरवशावर माणसं जिथं उतरतात तिथं मरण असतं. तिला वाटत होतं, म्हाताऱ्या होत चाललेल्या पाहुण्याचा एक रविवारचा खेळ आहे, खेळू द्यावा. ती उठून बसली. किती तरी वेळ पदरानं मान पुसत राहिली.

"आज ले मैं ओखर झूठ ला पोसेंव," ती म्हणाली. त्याचं खोटं मीच पोसलं. मग सुनेला हाक मारून तिनं चिंचेची टोपली काढायला सांगितली.

रविवारी सकाळी बाबूजी सायकलीला तेल देत होते. अप्पाराव काका अंगणात बसून दाढी करत होते, त्यांच्या क्वार्टरात ऊन यायचं नाही म्हणून. आणि फाटकातून समारिन दाई आत आली. डोक्यावर टोपली, अंगावर धुतलेलं लुगडं. ती कधीच सेक्टरात आली नव्हती. माय गोंधळली, पण दारी आलेलं माणूस म्हणून पाणी दिलं, चटई टाकली, गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले. दाईनं सगळं शांतपणे घेतलं. मग चिंचेखालून एक बाटली काढली, कमरेचा दोना काढला, आणि बाटलीतली धार त्यात घातली. वास अंगणभर झाला. काकांनी वस्तरा थांबवला. "अरे वा, दाई!"

"बता गा डोमाजी," दाई म्हणाली, "कोन रूख के आय?"

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेवग्याला धरून उभी होते. त्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मग त्यांनी दोना घेतला, थेंब टाकले, डोळे मिटले. इथं मडकी नव्हती. दाईचा लेक नव्हता. दाई स्वतः जमिनीकडे बघत होती.

"मसणाकडची," ते म्हणाले.

माझ्या नाकात गूळ होता, पेंढा होता. मी ओठ चावले.

"नोहय," दाई म्हणाली.

नाही. एवढा एकच शब्द. बाबूजींनी डोळे उघडले. "दाई?"

"ए तोर घर आय," ती म्हणाली. "आज मैं पहुना अंव. मोर बात तैं झन काट." हे तुझं घर. आज पाहुणी मी आहे. माझं बोलणं तू खोडू नकोस.

काका आधी हसले. त्यांना वाटलं हा काही खेळ आहे. त्यांनी दोना बाबूजींच्या हातातून घेतला, स्वतः हुंगला, म्हणाले, "मेरे को तो दारू का बास आता, झाड का नहीं. तेरे को क्या आता, भाई?" काकांनी दोना त्यांच्या नाकाशी धरला. "बोल ना. क्या आता?"

"कुछ नहीं आता," बाबूजी म्हणाले. मग मराठीत, कोणाला ते कळेना, मायला की स्वतःला, "काहीच नाई येत. जाड्यापासून काहीच नाई येऊन राह्यलं मले."

काकांच्या अर्ध्या गालावर साबण होता. तो तसाच वाळत गेला. त्यांची मुलगी दाईच्या टोपलीतली चिंच तोंडात घालून डोळे बारीक करत होती. तिच्याकडे पाहून काका उठले, तिला उचललं, आणि आपल्या घरात गेले. माय म्हणाली, "अजी, हे काय ऐकून राह्यली मी?" दाई टोपली घेऊन निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आशीर्वाद दिला नाही. तिला फार वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. तिच्या अंगणातली रीत तिनं मोडली नव्हती, पण जवळचा पाहुणा गमावला होता.

दुसऱ्या दिवशी बाबूजी स्वतःच साहेबाकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. नोकरी गेली नाही, क्वार्टरही गेलं नाही. पाण्याच्या पंपावर ड्यूटी लागली. बटण दाबायचं, काटा बघायचा. गँगमध्ये रायपूरकडचा एक जवान पोरगा आला. रशियन साहेब एकदा पंपाजवळून गेला, त्यानं नाकाला बोट लावलं नाही, नुसता सलाम केला; हे मायनं मला सांगितलं, कारण बाबूजी माझ्याशी बोलत नव्हते. संपूर्ण उन्हाळा बोलले नाहीत. पाणी हवं असेल तर मायला सांगायचे, "पोट्टीले सांग." शपथ मोडली असं त्यांनी धरलं होतं. रविवारी सायकल भिंतीला टेकलेली असायची. सेक्टरात लोक हळू आवाजात बोलायचे आणि आम्ही गेलो की गप्प व्हायचे. कुणी तरी बाबूजींना ऐकू जाईल असं म्हणालं, "कलाराचं नाक, शेवटी दारूनंच जाळलं." ते खोटं होतं. मला त्या माणसाच्या तोंडात शेण कोंबावंसं वाटलं. बाबूजी मात्र न थांबता चालत पुढे गेले. अप्पाराव काकाही येत नव्हते. त्यांच्या मुलीला कळत नव्हतं, ती येतच राहिली.

पावसाळा लागला. एका संध्याकाळी भोंगा होऊन गेला तरी काका परतले नाहीत, त्यांची बायको दारात उभी, माय तिच्याजवळ. मग काका आले, चिखलानं भरलेले. घरी न जाता सरळ आमच्या अंगणात आले आणि ओल्या ओट्यावर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी एका खड्ड्यात पाणी भरलं होतं, ते काढून उतरायचं होतं. पावसानं धुतलेलं सगळं स्वच्छ, गवतात बेडूक उड्या मारत होते, नळीवर चिमण्या बसल्या होत्या. नव्या पोरानं हुंगलं आणि हात वर केला. कोणाला खरं वाटेना. यंत्र आलं, तर खड्डा तळापासून गॅसनं भरलेला.

"चिड़िया बैठी थी, भाई," काका पुन्हा म्हणाले. "ऊपर चिड़िया बैठी थी."

बाबूजी दाराच्या चौकटीत उभे होते. चिमण्यांचं ते फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. ते एकदम खाली बसले. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काका गेल्यावर मी पाळणा हलवत कोपऱ्यात बसले होते. माय काकांच्या घरी त्यांच्या बायकोजवळ गेली होती. अंधारत आलं होतं, दिवा लावायचा राहिला होता.

"सुशे," बाबूजी म्हणाले.

मला वाटलं मला भास झाला.

"सुशे, काय शिजून राह्यलं?"

"तरोट्याची भाजी," मी म्हटलं.

"अन्?"

मी श्वास घेतला. "अन् दूध करपून राह्यलं, बाबूजी."

"मंग उठत कावून नाई वो, भैताडे!"

मी धावले. दूध गेलंच होतं, पातेल्याचं बूड काळं झालं होतं. ते नळाखाली घासत मी किती तरी वेळ रडत बसले, आणि परत आलेल्या मायला वाटलं, पोट्टी दुधापायी रडते.